कविता ऐकवायची कशी

कविता छापलेली असते तेव्हा वाचणाऱ्याच्या हाती सगळं असतं. ओळ कळली नाही तर तो मागे जातो, शब्द अडला तर थांबतो, कडवं आवडलं तर पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याला ओळ एकदाच मिळते आणि ती तुमच्या तोंडून मिळते. कविता मोठ्यानं वाचण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं एवढ्याच गोष्टीतून निघतं.

मी जळगावला शाळेत मराठी शिकवते. काव्यवाचन स्पर्धेसाठी मुलं तयार करणं हे माझ्याकडे आपसूक आलेलं काम, आणि वाचनालयातल्या कार्यक्रमांमुळे आता मोठी माणसंही विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : आवाज कसा कमवायचा? मी त्यांना आधी कविता दाखवा म्हणते. आवाजाचं नंतर बघता येतं. बारीक आवाजाच्या मुली मी भरलेलं सभागृह गप्प करताना पाहिल्या आहेत आणि खर्जातल्या आवाजाचे गृहस्थ तिसऱ्या ओळीला लोकांना हरवून बसलेले पाहिले आहेत.

आमच्या गावाला या विषयात थोडा अभिमान बाळगायचा हक्क आहे. १९०७ साली इथं पहिलं कविसंमेलन भरलं. त्यात धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं आणि मराठीत पुढं तेच नाव राहिलं. त्याचा एकही संग्रह तेव्हा निघालेला नव्हता. समोरच्यांनी कानांनी ऐकलं आणि पदवी दिली. मी वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात, कारण वय त्यांच्याच बरोबरीचं आहे.

कविता निवडताना

आवडती कविता आणि ऐकवण्याजोगी कविता या दोन वेगळ्या असू शकतात. काही कविता डोळ्यांसाठीच असतात. त्यांच्यात एकेका शब्दापाशी बसावं लागतं, अर्थ तीनदा वाचल्यावर उलगडतो. अशी कविता घरी वाचा, मैत्रिणीला पाठवा, सभेत नेऊ नका. ऐकवायच्या कवितेत पहिल्या चार ओळींत कोण बोलतंय आणि कुठं उभं राहून बोलतंय हे कळायला हवं. संदर्भ समजावून सांगावा लागत असेल आणि ते सांगणं कवितेहून लांब होत असेल, तर कविता बदला.

लांबीबद्दल मी कडक आहे. वीस-पंचवीस ओळी पुरे. त्याहून लहान असेल तरी चालतं. बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे, सावकाश वाचली तरी मिनिटभर लागत नाही. मुलांना भीती वाटते की एवढीशी कविता वाचून परीक्षक गुण देतील का. मी परीक्षक असते तेव्हा देते. पाच मिनिटांची कविता दीड मिनिटात धावत संपवणाऱ्याला देत नाही.

निवड झाली की कविता आधी साध्या गद्यात सांगून बघा. रसग्रहण नको. कर्ता कोण, क्रियापद कुठलं, कोण कुणाला काय म्हणतंय, इतकंच. ज्या ओळीचा अन्वय तुम्हाला लागलेला नाही ती ओळ तुम्ही कितीही गोड म्हटलीत तरी समोर फक्त नाद पोचतो.

वहीत उतरवून घ्या

मोबाइलवरून वाचू नका आणि पुस्तकाची झेरॉक्सही नको. कविता हातानं उतरवा, मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून. उतरवताना हाताचा वेग कमी असतो, त्यामुळे डोळ्यांनी उडी मारलेले शब्द सापडतात. मग पेन्सिल घ्या. माझ्या खुणा साध्या आहेत. अर्धा श्वास तिथं एक उभी रेघ, पूर्ण श्वास तिथं दोन. ओळ संपली पण वाक्य संपलं नाही तिथं पुढच्या ओळीकडे जाणारा बाण. अख्ख्या कडव्यात फक्त एका शब्दाखाली आडवी रेघ. दोन शब्दांखाली रेघ मारावीशी वाटली तर एक खोडा.

‘औदुंबर’वर हे करून दाखवते, कारण ती पुष्कळांना पाठ असते आणि म्हणूनच वाचताना घसरते.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

मुलं पहिल्या ओळीच्या शेवटी ‘घेउन’वर आवाज खाली टाकतात, वाक्य संपल्यासारखा. पण काय घेऊन, कोण घेऊन? तो झरा अजून आलेलाच नाही. तो दुसऱ्या ओळीत आहे. म्हणून ‘घेउन’नंतर बाण. आवाज वर टांगलेला ठेवायचा, श्वास चोरटा घ्यायचा आणि ‘निळासावळा झरा’वर उतरायचं. एवढी एक दुरुस्ती केली की ऐकणाऱ्याला आधी दोन्ही काठ दिसतात आणि मग मधून पाणी येतं.

पुढं चार घरांचं गाव, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, हिरवं कुरण आणि मग काळा डोह. रंगांची ही रांग बघा. प्रत्येक रंगावर जोर दिला तर यादी वाचल्यासारखं होतं. मी ‘हिरवी’, ‘पांढरी’, ‘हिरव्या’ हे सगळे साधे जाऊ देते. ‘अडवीतिडवी’ला ओठ जरा सैल सोडायचे, तो शब्द स्वतःच वळणं घेतो. रेघ मारते ती ‘काळ्या’खाली. पायवाट तिथं चालली आहे हे ऐकणाऱ्याला जाणवलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या आधी आवाज वाढवून चालत नाही. वेग मात्र तिथून कमी होऊ द्या.

मग सातवी ओळ, जिथं हमखास चूक होते :

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर

‘झाकळुनी जळ गोड’ असं एका दमात म्हटलं की पाणी गोड होतं. कवीनं पाणी गोड म्हटलेलं नाही, काळिमा गोड म्हटला आहे. ‘झाकळुनी जळ’, मग उभी रेघ, मग ‘गोड काळिमा’. मात्रा मोजल्या (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ किंवा आघात येणाऱ्या अक्षराची दोन) तरी तुकडा नेमका तिथंच पडतो : ‘झाकळुनी जळ’ आठ, ‘गोड काळिमा’ आठ, ‘पसरी लाटां’ आठ, आणि उरलेलं ‘वर’. जुन्या कवितेत वृत्त आणि अर्थ असे हातात हात घालून असतात. अडखळलात तर मात्रा मोजा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

शेवटच्या ओळीत ‘पाय टाकुनी जळात बसला’ म्हणेपर्यंत कोण बसलाय ते कळत नाही. नाव अगदी शेवटी येतं. तिथपर्यंत ऐकणाऱ्याला थांबवून ठेवायचं, आणि ‘औदुंबर’ म्हणताना आवाज विझू द्यायचा नाही. मराठी बोलण्यात वाक्याचा शेवट आपण गिळतो, क्रियापदच असतं म्हणून चालून जातं. कवितेत शेवटी नाम येऊन बसलेलं असतं. ते गिळलं तर कविताच गेली.

सोळा मात्रा, दोन आवाज

माझा सगळ्यात उपयोगी सराव हा आहे, म्हणून यावर जरा रेंगाळते.

केशवसुतांची १८९३ सालची ‘तुतारी’ घ्या.

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने

बोटांवर मोजा. ए दोन, क एक, तु एक, ता दोन, री दोन. झाल्या आठ. द्या दोन, म एक, ज एक, आ दोन, णु एक, नि एक. पुन्हा आठ. सोळा मात्रांची ओळ, बरोब्बर मधून दुभागलेली. दुसरीही तशीच. आता मुलं काय म्हणतात ते ऐका : ‘आणुनी’, ‘फुंकीन’. गद्यात ‘फुंकीन’च म्हणतो आपण, त्यामुळे जीभ तिकडं जाते. पण कवीनं ऱ्हस्व लिहिलंय ते ऱ्हस्वच म्हणायचं. एक मात्रा वाढली की ओळ लंगडते, आणि ऐकणाऱ्याला वृत्त माहीत नसलं तरी लंगडणं कळतं. म्हणून छापील ऱ्हस्व-दीर्घ बघून उतरवा, आपल्या शुद्धलेखनाच्या सवयीनं नको.

आता पन्नासेक वर्षं पुढं या. मर्ढेकर.

पिपात मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

पुन्हा मोजा. पि एक, पा दोन, त एक, मे दोन, ले दोन. आठ. ओ दोन, ल्या दोन, उं दोन, दि एक, र एक. आठ. तुतारीच्याच सोळा मात्रा, तोच मधला दुभंग. आणि तरी तुतारीच्या आवाजात ही कविता म्हणून बघा. पहिल्या ओळीलाच अंगावर काटा येईल, चुकीच्या कारणानं. तुतारीत श्वास छातीतून येतो आणि ओळीगणिक वर चढतो, ‘भेदुनि टाकिन सगळी गगने’पर्यंत. मर्ढेकरांच्या ओळीत चढायला जागाच नाही. अर्धविराम आहेत, स्वल्पविराम आहेत, प्रत्येक अर्धी ओळ संपते आणि तिथंच पडते.

सराव असा : टेबलावर बोटानं ठेका धरा. त्याच ठेक्यात आधी तुतारीच्या चार ओळी म्हणा, आणि न थांबता मर्ढेकरांच्या चार म्हणा. ठेका बदलायचा नाही, बाकी सगळं बदलायचं. आवाजाची पट्टी, श्वासाची जागा, शब्दांतलं अंतर, चेहरा. मर्ढेकरांपाशी आल्यावर करुणा ओतायची नाही. ‘माना पडल्या’ दुसऱ्यांदा येतं तेव्हा मुलं आवाज कापरा करतात. मी त्यांना तो शब्द पहिल्यासारखाच, जसाच्या तसा म्हणायला लावते. तसंच्या तसं येणं हेच तिथं भयंकर आहे. ‘आसक्तीविण’ सपाट म्हणा, कुठल्याच अक्षरावर रेलू नका.

हा सराव जमला की वृत्त म्हणजे चाल, आणि चाल म्हणजे भाव, हा मनातला घोळ संपतो. वृत्त पायाखालची जमीन देतं. तिच्यावर चालायचं कसं ते अर्थ सांगतो.

तीच गोष्ट श्लोकांची. मनाचे श्लोक लहानपणी झुलत म्हटलेले असतात, म्हणून भुजंगप्रयातातली, म्हणजे त्याच वृत्तातली, कुठलीही कविता समोर आली की मुलांची मान आपोआप डुलायला लागते. पाठांतराला तो झोका चांगला, ऐकवताना तो अर्थावर पांघरूण घालतो. उपाय सोपा आहे. दोन दिवस ती कविता फक्त कुजबुजत वाचायची. कुजबुजीत चाल टिकत नाही.

अभंग उलट फार सोयीचा. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. तो चारांचा तोकडा शेवटच श्वास घ्यायला जागा करून देतो. तिथं नीट थांबा, बाकी अभंगाला तुमची फार गरज लागत नाही.

बहिणाबाई वाचताना

आमच्याकडे हा विषय घरचा. बहिणाबाई असोद्याच्या, नांदल्या जळगावात, आणि आता विद्यापीठाच्या फलकावरही त्यांचं नाव आहे. त्या लिहायला शिकल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाव यांनी जे उतरवून घेतलं ते १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपानं आलं. म्हणजे ही कविता मुळातच तोंडातून कानात गेलेली. ती वाचताना दोन टोकं सांभाळायची असतात.

एक टोक म्हणजे सुधारून वाचणं. ‘तव्हा मियते भाकर’चं ‘तेव्हा मिळते भाकर’ करणं. आमच्या लेवा बोलीत ळ चा य होतो. डोळा ‘डोया’, काळा ‘काया’, आणि जळगाव ‘जयगाव’. माझ्या माहेरी यावलकडे आजी असंच बोलायची. ‘मियते’ हा तिथला शुद्ध शब्द आहे, तो तसाच म्हणा.

दुसरं टोक जास्त वाईट. बोली आली की काही जण गावंढळपणाचं नाटक सुरू करतात. शब्द लांबवतात, हेल काढतात, डोक्यावर पदर काय घेतात, कमरेला हात काय लावतात. बहिणाबाईंच्या ओळी जात्यावर, शेतात, चुलीपुढं काम करता करता आल्या. काम करणारी बाई नाटक करत नाही. तिच्याकडे वेळ नसतो. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या ओळी मोजल्या तर प्रत्येकी आठ अक्षरांच्या आहेत, जात्याच्या फेऱ्याला धरून. त्या सरळ बोलल्यासारख्या म्हणा. ‘आधी हाताला चटके’ ही तक्रार म्हणून वाचायची नाही, माहिती म्हणून वाचायची. ज्या बाईनं हजारो भाकऱ्या थापल्या आहेत ती चटक्याबद्दल हळहळत नाही.

बोली तुमची नसेल तर? मग त्या बोलीचं कुणी माणूस शोधा आणि त्याच्याकडून कविता दोनदा म्हणवून घ्या. कोकणातल्या मुलीनं बहिणाबाई वाचू नये असं मी कधीच म्हणणार नाही. मालवणी कविता वाचायची वेळ आली तेव्हा मीही कुडाळच्या एका सहकाऱ्याला फोनवर धरून बसवलं होतं.

आणखी एक अडचण म्हणजे गाण्याची चाल. बहिणाबाईंच्या कितीतरी ओळी लोकांच्या कानात चालीसकट बसल्या आहेत. वाचायला लागलं की तोंड गुणगुणायला लागतं. अशा वेळी कविता उलट क्रमानं वाचा, शेवटचं कडवं आधी, मग त्याच्या आधीचं. क्रम मोडला की चालही सुटते.

गावी की वाचावी

हा वाद मराठीत जुना आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ हा कवींचा गट सुरू झाला आणि यशवंत, गिरीश, माधव जूलियन ही मंडळी आपल्या कविता गाऊन दाखवत. कवितेला त्यातून मोठा श्रोता मिळाला. बोरकरही आपली कविता सुरात म्हणत. पुढं विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगाव फिरून कवितावाचनाचे कार्यक्रम केले आणि कविता नुसती वाचूनही सभागृह भरतं हे दाखवलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी तर दुसऱ्यांच्या कविता, बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या, वाचायला घेतल्या.

माझं मत वाचनाच्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही. सूर लागला की लोक सुराकडे जातात, शब्द मागे राहतो. गळा खरंच चांगला असेल आणि कविता गेय असेल तर खुशाल गा, पण मग एक तरी कडवं न गाता म्हणा. गळा नुसताच बरा असेल तर अजिबात गाऊ नका.

गझलेचा मामला निराळा. तिथं शेराची पहिली ओळ दोनदा म्हणायची पद्धत आहे आणि ती सोयीची आहे. पहिली ओळ दोनदा ऐकली की ऐकणारा दुसऱ्या ओळीची वाट बघतो, मनातल्या मनात यमक शोधतो. म्हणून जोर द्यायचा तो काफियावर, म्हणजे यमकाच्या शब्दावर. रदीफ, म्हणजे यमकानंतर दरवेळी तसाच येणारा शब्द, तर ठरलेलाच असतो, तो लोकांना तुमच्या आधी माहीत असतो. नवशिके नेमका रदीफ आदळतात. सुरेश भटांच्या गझला वाचणाऱ्यांनी हे मुद्दाम तपासावं.

मुक्तछंदात मुलांना मोकळं मोकळं वाटतं आणि तिथंच गफलत होते. मात्रा नाहीत म्हणून ते गद्य होत नाही. कवीनं ओळ जिथं तोडली आहे तिथं कारण आहे. तिथं पूर्ण थांबू नका, पण बुलडोझर फिरवल्यासारखं सपाटही करू नका. अर्धा श्वास, डोळ्यांची एक उघडझाप, एवढंच. नारायण सुर्व्यांच्या कितीतरी कवितांत माणूस समोरच्याशी सरळ बोलत असतो. त्या वाचताना सभागृहातला एक चेहरा निवडा आणि त्याच्याशी बोला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मधली कविता वाचणार असाल तर तिच्यातले शब्द न कचरता म्हणावे लागतील. एखादा शब्द गाळावा, हळू म्हणावा, खोकून मारून न्यावा असं वाटत असेल तर ती कविता अजून तुमची झालेली नाही. दुसरी घ्या.

तोंड, माइक, कागद

उच्चारांबद्दल थोडक्यात. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि घाईत ते सरमिसळ होतात. ‘चार’ आणि ‘चांदणं’ यांतला फरक ऐकू आला पाहिजे. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स यांवर मुलांना हसू नका, रोज पाच ओळी वाचून घ्या, सुटतात. तोंड उघडा. बहुतेकांचा खालचा जबडा हलतच नाही आणि सगळी अक्षरं दातांमागे अडकतात.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित खाली ठेवा. प, फ, ब, भ हे थेट माइकवर आदळले की स्पीकर धपधपतो, तेव्हा जरा तिरकं बोललेलं बरं. स्टँडची उंची आधीच जुळवून घ्या. माइकवाल्या दादांशी कार्यक्रमाआधी दोन शब्द बोला आणि ‘हॅलो हॅलो’ म्हणण्याऐवजी आपल्या कवितेचीच एक ओळ म्हणून बघा, म्हणजे त्यांनाही अंदाज येतो. उंच टिपेला जायचं असेल तिथं पाऊलभर मागे सरका.

पाठ असली तरी कागद हातात असू द्या. जाड कागद, म्हणजे हात थरथरला तरी तो फडफडत नाही. पंखा कुठं आहे ते बघून उभं राहा. पाठ केलेल्या माणसाचे डोळे छताकडे जातात, कागद असलेल्याचे खाली. दोन्ही टाळता येतं. ओळीची सुरुवात कागदावरून उचला आणि ओळीचा शेवट समोर बघून म्हणा.

हातवाऱ्यांची शिकवणी बंद करायला हवी असं मला मनापासून वाटतं. ‘सूर्य’ म्हटलं की हात वर, ‘हृदय’ म्हटलं की छातीवर, ‘नदी’ म्हटलं की बोटांची लाट. लहान मुलांवर हे लादलं जातं आणि मग मूल कविता विसरतं, हात आठवत बसतं. एकदा स्पर्धेत चौथीतला एक मुलगा हात मागे बांधून पावसाची कविता म्हणून गेला. त्याच्या शिक्षकांनी त्याला काहीच शिकवलं नव्हतं बहुतेक. ‘थेंब’ म्हणताना त्याच्या ओठांचा जो मिटून उघडण्याचा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

सुरुवातीला कवितेचं नाव, कवीचं नाव, आणि मग दोन सेकंद काहीही नाही. कवितेचा अर्थ आधी सांगू नका. स्वतःची कविता वाचणाऱ्यांना हे जास्त सांगावं लागतं. ती कधी सुचली, कुठल्या प्रसंगात सुचली, मग कोण काय म्हणालं, हे ऐकून होईपर्यंत लोक थकलेले असतात. स्वतःच्या कवितेबाबत आणखी एक : ती तुम्हाला इतकी माहीत असते की तुम्ही ती भरभर वाचता. दुसऱ्या कुणाची आहे असं समजून तिच्यावरही पेन्सिल चालवा.

मध्येच विसरलात तर मागच्या दोन ओळी पुन्हा म्हणा. बहुतेक वेळा जीभच पुढची ओळ आणून देते. नाही आली तर कागद बघा. माफी मागू नका, जीभ चावू नका, हसू नका. तुमच्या माफीनं कवितेचा धागा तुटतो, थांबण्यानं तुटत नाही. शेवटची ओळ झाल्यावर लगेच ‘धन्यवाद’ चिकटवू नका. शेवटचा शब्द पोचायला क्षणभर लागतो, तेवढं उभं राहा आणि मग खाली बसा.

तालीम कुणापुढं

आरशापुढं तालीम करू नका, स्वतःकडे बघण्यात कान बंद होतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकणं चांगलं, पण त्यात एक खोट आहे. तुम्हाला कविता माहीत असते, त्यामुळे न ऐकू आलेले शब्द तुमचं डोकं भरून काढतं. म्हणून ज्यानं ही कविता कधी ऐकलेली नाही असं माणूस हवं, आणि त्याची पाठ तुमच्याकडे हवी.

माझी शेजारीण संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत बसते. तिला कवितेची विशेष आवड नाही, म्हणूनच ती मला उपयोगी पडते. मुलींना मी तिच्या मागे उभं करते. वाचून झालं की तिला तीनच प्रश्न : काय दिसलं, कोण बोलत होतं, कुठला शब्द कळला नाही. ‘छान झालं’ हे उत्तर मी घेत नाही. परवा तिनं एका मुलीला सांगितलं, “अगं, डोहापर्यंत सगळं कळलं, मग तू कुठं गेलीस?” मुलगी सातव्या ओळीत ‘जळ गोड’ जोडून गेली होती. आम्ही वही काढली, ‘जळ’नंतरची उभी रेघ लाल पेन्सिलीनं गडद केली, आणि तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.